माळकाकांचा पिवळा

चित्रात काय आहे असं कुणी विचारलं की माळकाका म्हणायचे, ‘माळ.’ विचारणारा एक पाऊल पुढं व्हायचा, दोन पावलं मागं यायचा, मान तिरकी करून बघायचा. त्याला दिसायचे ते रंगाचे पट्टे, एकावर एक चढवलेले आणि मधेच सुरीनं खरवडलेले. झाड नाही, दगड नाही, एखादी चुकार बकरीसुद्धा नाही. ‘यात माळ कुठं दिसतोय?’ असं त्यानं म्हटलं की काका शांतपणे सांगायचे, ‘तुम्ही शहरातून बघताय. इथून नाही दिसत.’ आणि एवढं बोलून चहा प्यायला आत निघून जायचे. विचारणाऱ्याचा चेहरा मग चित्रापेक्षा जास्त बघण्यासारखा व्हायचा.

त्यावरूनच त्यांना माळकाका हे नाव पडलं. त्यांची बायको दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागं बसायची म्हणून ती औषधकाकू. इमारतीतल्या पोरांना या दोघांची खरी नावंही असतील, अशी कधी शंकासुद्धा आली नाही.

काकूंना चित्रातलं काही कळत नाही, असं त्या स्वतःच सगळ्यांना सांगत. ‘मला गोळ्यांचे रंग कळतात, तेवढे पोटापुरते झाले,’ म्हणायच्या. त्यांची दुनिया फळ्यांवर मांडलेल्या बाटल्यांची. नवा माल आला की तो मागं सरकवायचा, उघडलेला आणि जुना पुढं घ्यायचा, म्हणजे आधीचं आधी संपतं. जुनं पुढं, नवं मागं. नोकरीच्या पहिल्या दिवशी थोरल्या कंपाउंडरनं हा मंत्र दिला आणि तो त्यांच्या अंगात असा मुरला की घरात साबणाच्या वड्यासुद्धा त्याच हुकमानं उभ्या असत.

दोघांची गाठ पडली ती एका तळ्याकाठी. तळं कापडावरचं होतं. काका फोटो स्टुडिओत पडदे रंगवायला होते. लोक ज्याच्यापुढं उभं राहून फोटो काढून घेतात ते पडदे. तळं, तळ्यात हंस, पलीकडं बर्फाचे डोंगर, अलीकडं संगमरवरी जिना, असा सगळा थाट. काकू तेव्हा नोकरीच्या ओळखपत्रासाठी फोटो काढायला गेल्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, ‘हे तळं कुठलं हो?’ कोपऱ्यात ब्रश धुणारा तरुण म्हणाला, ‘माझ्या डोक्यातलं.’

‘मग डास फार असतील,’ काकू म्हणाल्या.

तो तरुण हसताना ब्रशाचं पाणी स्वतःच्याच पायावर सांडून बसला. पुढचं लग्नापर्यंतचं सगळं त्या पाण्यावर झालं, असं काकू लेकीला सांगायच्या.

दिवसभर लोकांना हवं ते तळं, आणि संध्याकाळी स्वतःला हवा तो माळ, असं काकांचं आयुष्य चाललं. मागची गॅलरी काचा लावून बंद केलेली. तिथं कॅनव्हास, टर्पेंटाइनचा वास, रंग पुसायची जुनी फडकी आणि एक पाय डुगडुगणारं स्टूल. घराचा एकच नियम होता. चित्र अर्धं असताना कुणी बघायचं नाही. काकू चहा दाराबाहेर ठेवायच्या, दारावर दोन बोटं वाजवायच्या आणि निघून जायच्या. चित्र झालं की काका आतून हाक मारायचे, ‘ये.’

काकू जायच्या, बघायच्या, ‘छान आहे,’ म्हणायच्या. काका म्हणायचे, ‘नाही आला.’ काय नाही आला, ते काकूंना लग्नानंतर लवकरच कळलं होतं. काकांनी ते एकदाच सांगितलं आणि पुन्हा कधी त्याबद्दल बोलले नाहीत.

लहानपणी त्यांचं घर माळाच्या पायथ्याशी होतं. वडील त्यांना आठवतही नव्हते. आई माळावर गवत कापायला जायची आणि हा दारात बसून बघत राहायचा. आईचे कपडे धुऊन धुऊन गवताच्याच रंगाचे झालेले. ती वाकली की गवतात विरून जायची, शोधूनही सापडायची नाही. मग केव्हातरी कंबर धरून उभी राहायची आणि तेव्हा कळायचं, अरे, ही तर इथंच होती. हा आनंदानं टाळ्या पिटायचा. पुन्हा ती वाकायची, पुन्हा दिसेनाशी व्हायची.

‘त्या पिवळ्यात आई असायची,’ काका म्हणाले होते. ‘दिसायची नाही, पण असायची. मला तो पिवळा पाहिजे.’

आई गेली तेव्हा ते एवढेसे होते. तिला दवाखान्यात नेलं आणि ती तिथंच गेली, असं अक्कानं त्यांना सांगितलं. अक्का म्हणजे थोरली बहीण. स्वतः पोरवयाची, पण तिनं भावाला बोटाला धरून शहरात मावशीकडं आणलं, वाढवलं, शिकवलं, वेळप्रसंगी बडवलंही. माळ आणि आई, दोन्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं त्यांच्याखेरीज आता जगात तेवढंच एक माणूस उरलं होतं. म्हणून काका प्रत्येक चित्र तिला दाखवायचे. अक्का चष्मा पदरानं पुसायची, नाकावर चढवायची, बघायची आणि तोंडावर सांगायची, ‘चांगलंय. पण हा आपला माळ नाही रे.’

लोकांनी नाही म्हटलं तर काका हसण्यावारी न्यायचे. अक्कानं नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी गॅलरीतून सुरीनं रंग खरवडल्याचा आवाज यायचा. काकू आतल्या आत अक्कावर चिडायच्या. म्हातारीला एकदा खोटं बोलायला काय होतं? पण अक्काची जात वेगळी. उचलली जीभ, लावली टाळ्याला. भीडभाड तिच्या गावीही नव्हती.

काही चित्रं प्रदर्शनांत लागली, काही कचेऱ्यांच्या भिंतींवर गेली. स्टुडिओ बंद पडला, पडदे कुणाला नकोसे झाले, लेक मोठी होऊन दुसऱ्या शहरात गेली. काकांनी एवढ्या वर्षांत पिवळ्याचे किती प्रकार केले असतील त्याला गणती नाही. भुशाचा पिवळा, दोरखंडाचा पिवळा, उन्हात वाळलेल्या कागदाचा पिवळा. प्रत्येक वेळी तेच. नाही आला.

मग डोळे बिघडले. आधी कडेच्या कपबशा पडू लागल्या. काका चालताना चौकटीला खांदा घासायचे आणि चौकटीलाच शिव्या द्यायचे. काकूंना संशय आला. रोज दवाखान्यात हेच ऐकायच्या त्या. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही, चोरासारखा कडेकडेनं आत येतो. वेळेवर थेंब घातले तर निदान उरलंसुरलं राहतं. त्या काकांच्या मागं लागल्या. पण दवाखाना म्हटलं की काका दगड व्हायचे.

‘तिथं गेलेली माणसं परत येत नाहीत. मला माहीत आहे.’

‘मी रोज जाते आणि रोज परत येते की!’

‘तू औषधं देतेस. घेत नाहीस.’

काकूंनी समजावलं, रागावल्या, रडल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी लेकीनं येऊन जवळजवळ उचलूनच नेलं तेव्हा डोळ्यांमागची शीर सुकून गेली होती. डॉक्टर ओळखीचे. ते काकांना काही बोलले नाहीत, काकूंना म्हणाले, ‘तुम्ही आमच्यातल्या, आणि तुम्हीच एवढा उशीर केलात?’ दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. काकू घरी येऊन मोरीत नळ सोडून रडल्या. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ.

पुढच्या काही वर्षांत काकांना खिडकीचा उजेड तेवढा कळायचा, रंग नाही. पण चित्रं थांबली नाहीत. त्यांनी एक लाकडी खोका करून घेतला, दोन रांगांचा. पुढच्या रांगेत डावीकडून पांढरा, मग सगळे पिवळे, मग मातकट तांबूस. मागच्या रांगेत निळे, हिरवे आणि काळा, ते फार लागायचे नाहीत. काकू म्हणाल्या, ‘ट्यूबांना रबरं बांधू या. पिवळ्याला एक, निळ्याला दोन.’ काकांनी ऐकलं नाही. ‘डोळे गेलेत, हात नाही गेलेला,’ म्हणाले. हाताला खरोखर सगळं पाठ होतं.

एका वर्षी जुने पिवळे पार संपले तेव्हा लेकीनं पिवळ्यांचा नवा संच आणून दिला. काकांनी आदल्या संध्याकाळी तो खोक्यात लावला आणि मोठा कॅनव्हास चढवून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते झोपलेले असताना काकू गॅलरी पुसायला गेल्या. खोक्याच्या तळाशी जुना रंग सांडून चिकट झाला होता. त्यांनी सगळ्या ट्यूबा काढल्या, खोका टर्पेंटाइननं लख्ख पुसला आणि ट्यूबा परत लावल्या. मनात रात्रीच्या भाजीचा विचार होता. हात आपला आपण चालत होता, आयुष्यभर चालला तसाच. उघडलेल्या, वापरलेल्या ट्यूबा पुढं. कोऱ्या, न फोडलेल्या मागं.

काका उठले, तोंड धुतलं आणि गॅलरीचं दार लावून घेतलं. थोड्या वेळानं आतून बडबड ऐकू आली. ‘अहो, काय झालं?’ काकूंनी बाहेरून विचारलं.

‘आजकाल ट्यूबातसुद्धा हवा भरून देतात गं! वेफर्सच्या पुडीसारखी. नवीकोरी ट्यूब, आणि अर्धी रिकामी. झाकणही कुणीतरी आधी उघडलेलं. लेकीला सांग, त्या दुकानदाराला चांगलं खडसाव म्हणावं.’

काकू हसल्या आणि भाजी चिरायला गेल्या.

काका त्या चित्रावर बरेच दिवस होते. काकूंना त्यांच्या नखांत निळं दिसलं होतं. त्यांना वाटलं, आभाळ करत असतील. मग एका सकाळी आतून हाक आली. नेहमीची नव्हती. ‘ये लवकर! आली गं, आली!’

काकू हात पुसत गेल्या आणि दारातच थांबल्या.

सगळं चित्र निळं होतं. खाली दाट, जवळजवळ काळपट, वर चढत चढत धुरकट होत गेलेलं. काका त्याच्यापुढं उभे होते, कोपरापर्यंत निळे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू होतं. ‘या वेळी हाताला कळलं,’ ते म्हणाले. ‘सुरी फिरवताना कळलं. आई आहे यात. आहे ना गं पिवळा?’

काकूंची नजर खोक्यावर गेली. पुढच्या रांगेत पिळून चपट्या झालेल्या निळ्या ट्यूबा आणि मागं कोरे करकरीत पिवळे, एकही न फोडलेले. त्यांच्या तोंडातून मात्र शब्द निघाला तो हाच, ‘आहे.’

‘कसा आहे?’

‘वाळल्या गवतासारखा.’

काका मटकन स्टुलावर बसले आणि तोंड झाकून रडले. एवढ्या वर्षांच्या संसारात काकूंनी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. त्यांचे डोळे गेले तेव्हासुद्धा नाही. आता हे सुख मोडायचं कुणी? काकूंनी दुपारी ट्यूबा गुपचूप जागच्या जागी लावल्या. आणि दोन पिवळ्या ट्यूबा फोडून मोरीत पिळल्या, म्हणजे संशय नको. पाण्याबरोबर वाहून जाणारा तो पिवळा बघताना त्यांना स्वतःची किळस आली.

लेक आली तेव्हा काकूंनी तिला दारातच गाठलं आणि सगळं सांगितलं. लेक चित्रापुढं बराच वेळ उभी राहिली. मग स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, ‘आई, बाबांचं सगळ्यांत चांगलं चित्र आहे हे. पण तू सांगून टाक त्यांना. जन्मभर त्यांनी अक्काआत्याचं “नाही” ऐकून घेतलं, पण कुणाचं खोटं “हो” नाही घेतलं.’

‘सांगते. मी सांगते, तू नको सांगू,’ काकू म्हणाल्या. सांगितलं नाही.

काकांना ते चित्र प्रदर्शनात द्यायचं नव्हतं. त्यांनी ते पलंगासमोरच्या भिंतीवर लावून घेतलं. आणि रोज संध्याकाळी, चहा झाला की उशीला टेकून म्हणायचे, ‘सांग.’

काकू खुर्ची ओढून बसायच्या आणि निळ्याकडं बघत पिवळा सांगायच्या. पहिले दिवस नुसतंच ‘छान पिवळा आहे’ यावर भागलं. पण काकांचं समाधान होईना. खाली कसा, वर कसा, ऊन कुठून येतंय? काकूंना शब्द शोधावे लागले. ‘खाली जरा जुन्या सुतळीसारखा. मधे उजळ. वरच्या कडेला पांढरट, म्हणजे शेंडे वाळलेत.’ काका खूश होऊन म्हणायचे, ‘बरोबर. आणि म्हणे तुला चित्रातलं कळत नाही!’ काकू बाजारात जाता-येता पिवळं काही दिसलं की थांबून निरखू लागल्या. जुना दोर, पावाची कड, कुणाच्या तरी कुत्र्याची पाठ. संध्याकाळसाठी. त्यांना एकच धास्ती होती. अक्का.

कारण काकांना आता अक्काचा होकार हवा होता. बाकी जगानं काही म्हटलं तरी तिच्या ‘हाच’शिवाय त्यांचं काम पुरं होणार नव्हतं. त्यांनी लेकीला सांगूनच टाकलं की आत्याला गाडीत घालून आण. काकूंनी जिन्याची सबब सांगितली, उन्हाची सांगितली. अक्काला आधीच गाठून सगळं सांगावं म्हटलं तर अक्का ठार बहिरी. फोनवर ती फक्त बोलायची, ऐकायची नाही. आणि इथं समोर बसवून सांगायचं तर ओरडून सांगावं लागणार, पलीकडच्या खोलीत काका. लेक तर या खोट्यात पडायला तयारच नव्हती.

अक्का आली. काठी टेकत, दर दोन पायऱ्यांना जिना बांधणाऱ्याचा उद्धार करत वर चढली. पाणी प्याली. भावाच्या तोंडावरून हात फिरवला, ‘वाळलास रे,’ म्हणाली. काका लहान पोरासारखे अधीर झाले होते. त्यांनी तिचा हात धरला आणि चाचपडत पलंगापाशी नेलं. ‘बघ. आता सांग.’

काकू चित्राच्या कडेला उभ्या राहून हातांनी खुणा करत होत्या. तोंडावर बोट ठेवत होत्या, हात जोडत होत्या. अक्काचं लक्षच नव्हतं. तिनं चष्मा पदरानं पुसला, नाकावर चढवला आणि वर बघितलं. काकूंनी डोळे मिटून घेतले.

नेहमीचं ‘नाही रे’ काही आलं नाही. काकूंनी डोळे उघडले तर अक्काची मान लटलट हलत होती. तिनं काठी सोडून दिली होती. एक बोट वर करून ती चित्राच्या उजव्या अंगाला, खालच्या दाट पट्ट्याजवळ काहीतरी दाखवत होती. तिथं काही नव्हतं, फक्त रंगाचा एक उंचवटा होता.

‘हाच,’ अक्का म्हणाली. ‘हाच रे आपला माळ.’

‘आणि रंग?’ काकांनी तिच्या कानाशी ओरडून विचारलं. ‘अक्का, रंग?’

‘रंगसुद्धा हाच होता.’

काकांनी तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. दोघंही म्हातारी भावंडं तिथं उभी राहून रडत होती आणि लेक त्यांना धरून उभी होती. काकूंना काही उमजेना. अक्कासारखी बाई, जिनं जन्मात कुणाची भीड ठेवली नाही, ती निळ्याला पिवळा म्हणतेय? खुणा दिसल्या असतील का तिला? की डोळेही गेले? त्या चहा करायला म्हणून आत गेल्या. पाठोपाठ अक्का काठी टेकत आली आणि पाटावर बसली.

‘त्याला सांगू नकोस हं,’ अक्का कुजबुजली. आता अक्काचं कुजबुजणं म्हणजे गावात दवंडी. ती आपल्याला हळू वाटेल तेवढ्याच हळू बोलायची आणि तिला तर काहीच ऐकू येत नव्हतं. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. अक्का बोलतच राहिली.

‘त्याला वाटतं त्यानं पिवळा काढलाय. कुठला पिवळा? निळा आहे तो, मला दिसतंय ना. पण तसाच होता गं. पिवळा तो दुपारचा. मी गेले तेव्हा दिवस बुडाला होता. आई आली नाही म्हणून मी एकटी वर गेले, याला घरात कडी लावून. सगळा माळ असा निळा झालेला, अस्साच. मी हाका मारत होते. म्हटलं आत्ता उभी राहील, आत्ता राहील. पायाला लागली तेव्हा कळलं. भारा बांधून झाला होता, विळा हातातच होता. काय झालं, काय चावलं, कुणाला कळलं नाही.’

काकूंच्या हातातली किसणी तशीच राहिली. आलं अर्धंच किसून झालं होतं.

‘दवाखान्यात कुणी नेलंच नाही तिला. न्यायला राहिलंच काय होतं? पण हा दुसऱ्या दिवशी दारात बसलेला, माळाकडं बघत. आई उभी राहायची वाट बघत. त्याला काय सांगू, की ती आता उभी राहायची नाही? मग म्हटलं, दवाखान्यात नेलीय. तेच पुढं तसंच राहिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.’

दवाखाना. त्या एका शब्दाशी काकू अर्धं आयुष्य भांडल्या होत्या. त्या शब्दानं काकांचे डोळे खाल्ले होते, आणि तो शब्द खरा नव्हताच. क्षणभर काकूंना असं वाटलं की या म्हातारीचे खांदे धरून तिला गदागदा हलवावं, काय केलंस तू हे, म्हणून विचारावं. त्यांनी अक्काकडं बघितलं. ती पाटावर अंग चोरून बसली होती आणि बोट अजून हवेत धरलं होतं, मघाशी चित्रावर दाखवलं तसंच. अंधार पडताना एकटी माळावर हाका मारत फिरणारी पोर. काकूंचा राग कुठच्या कुठं गेला. त्यांनी अक्काच्या पाठीवर हात ठेवला. चहा उकळून उतू गेला.

मग काकूंच्या लक्षात आलं की स्वयंपाकघराचं दार सताड उघडं आहे.

लेक अक्काला घेऊन गेली. जाताना काकांनी बहिणीचे हात हातांत घेतले, ‘परत ये,’ एवढंच म्हणाले. काकू कप विसळत राहिल्या, विसळलेले पुन्हा विसळत राहिल्या. बाहेर उन्हं कलली. आतून हाक आली तेव्हा त्या खुर्ची ओढून रोजच्या जागी बसल्या. काका उशीला टेकले होते, तोंड भिंतीकडं.

काकूंनी घसा साफ केला. ‘खालच्या बाजूला आज जरा...’

‘थांब,’ काका म्हणाले. ‘आज निळा सांग.’

काकूंची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडं गेली.

‘अक्काचं कुजबुजणं खालच्या दुकानापर्यंत जातं. मला नाही का ऐकू येणार?’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘ट्यूबा तू हलवल्यास?’

‘हो. खोका पुसला. जुनं पुढं, नवं मागं. हाताला सवय हो... मी सांगणार होते, रोज सांगणार होते.’ काकू रडू लागल्या.

‘म्हणजे त्या दुकानदाराला उगीच शिव्या घातल्या आपण,’ काका म्हणाले. त्यांना हसायचं होतं, पण हसू काही आलं नाही. त्यांनी हात पुढं करून काकूंचा हात शोधला. ‘रडू नको. तू नसत्या हलवल्यास तर अक्का आजही नाहीच म्हणाली असती. मी आपला दारात बसून दुपारचाच माळ काढत राहिलो असतो. तेव्हा मला कडी लावून घरात ठेवलं गं. कुणी नेलं नाही. आता तू ने.’

काकू उठल्या, त्यांनी काकांना हाताला धरून उठवलं आणि चित्रापाशी उभं केलं. त्यांची बोटं धरून खालच्या कडेला टेकवली आणि तिथून सांगायला सुरुवात केली. इथं अगदी दाट आहे, दौतीच्या तळाशी उरलेल्या शाईसारखा. इथं जरा उतरलाय. वर आभाळ अजून पुरतं विझलेलं नाही, तिथं धुरकट आहे. काका मान डोलवत होते आणि बोटं हळूहळू उजवीकडं सरकत होती. रंगाच्या त्या उंचवट्यापाशी आल्यावर काकू बोलायच्या थांबल्या.

‘इथं?’ काकांनी विचारलं.

‘इथं,’ काकू म्हणाल्या.

काकांनी हात उचलला नाही. खोलीत अंधार होऊ लागला होता, पण काकूंना दिवा लावायला जाववेना. त्या त्यांचा दुसरा हात धरून तशाच उभ्या राहिल्या.